विहिरीतली बाई आणि होडीवाला

माझ्या मुलाला, निलोला, पेटीतून घरी आणून ठेवलं तेव्हापासून घर माणसांनी भरलेलं होतं. आमच्या एस्तान्सिया गावात मयत घरात असेपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. कोणीतरी जागं हवं, आणि जागं राहायचं तर पत्ते हवेत, कॉफी हवी, बिस्किटं हवीत. म्हणून अंगणात ताडपत्री बांधून खाली टेबलं मांडली होती. एकावर माझ्या वयाचे लोक, दुसऱ्यावर त्यांचे मुलगे, आणि कुंपणाकडच्या टेबलावर निलोच्या बर्फाच्या कारखान्यातली नि मासळी धक्क्यावरची पोरं. आमच्या टेबलांवर पत्ते आपटल्याचा आवाज. त्यांच्या टेबलावर नुसती वाकलेली डोकी आणि हातात फोन.

"मयताच्या दारात बसून फोन काय चोळता रे?" माझा शेजारी बेर्तो त्यांना म्हणायचा. "पत्ते खेळा, पत्ते. हात तरी गरम राहतील."

"हेपण पत्तेच आहेत, नोंग बेर्तो," त्यांच्यातला जेपोय म्हणायचा; मोठ्यांना ती पोरं नोंग म्हणत. "फक्त तुमच्यासारखे बाहीत लपवता येत नाहीत."

सगळे हसायचे, बेर्तोही. मीही हसत असेन. आठवत नाही.

मी पेटीजवळच्या खुर्चीवर बसलेला असे. लोक येत, माझ्या खांद्यावर हात ठेवत, काचेतून निलोचा चेहरा पाहत आणि कॉफीकडे वळत. आमच्यात त्यांना निरोप द्यायचा नसतो, आभार मानायचे नसतात, त्यामुळे मला बोलावं लागत नव्हतं ते बरं होतं. जमिनीवर बिस्किटांचा चुरा पडलेला, शेंगांची टरफलं पडलेली. मयत घरात असताना झाडू मारत नाहीत. मी त्या चुऱ्याकडे बघत बसायचो.

लोकांना वाटलं मी मोठ्या धीराचा आहे. तसं काही नव्हतं. बर्फाच्या लादीवर फार वेळ हात ठेवला की हात आपला राहत नाही. बोटं हलताना दिसतात, पण ती हलवतंय कोण ते कळत नाही. मी उभा जन्म मासळीवर बर्फ रचला, मला ते ठाऊक आहे. तेच आता सगळ्या अंगाला झालं होतं. मुलगा डासाच्या तापाने गेला, त्याची बायको एदना आत चुलीपाशी आहे, त्याची पोरगी तिच्या पायांत घोटाळते आहे, हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं एवढंच.

दफन सोमवारी सकाळी ठरलं होतं. रविवारी दुपारच्या जेवणानंतर चोना माझ्याजवळ आली. ती धक्क्यावर मासळी तोलते, तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू बोलली.

"तातय, एक विचारायचं होतं." निलो मला तातय, म्हणजे बाबा, म्हणायचा, म्हणून ही पोरंही म्हणत.

"विचार, इंदाय, विचार पोरी."

"आज तीन वाजता आमच्या फोनवरच्या खेळाच्या हंगामाचा शेवटचा सामना आहे. निलो आमच्या गटाचा कापितान होता. सगळ्यांचे डाव एकाच वेळी सुरू होतात, ज्याचा त्याचा वेगळा. कापितानाच्या जागेवर कोणी बसलंच नाही तर तो डाव हरला असं धरतात."

"मग?"

"मग त्याचं नाव फलकावरून जातं."

फलक म्हणजे काय ते तिने आपल्या फोनवर दाखवलं. वरपासून खालपर्यंत कापितानांची नावं होती. मी बोट ठेवत ठेवत खाली आलो. मला वाचायला वेळ लागतो. निलो दालिपे. दोन्ही शब्द नीट लिहिलेले होते.

"जिंकलं तर?"

"तर पुढचा हंगाम संपेपर्यंत राहतं. तुम्ही म्हणाल, काय ठेवलंय त्यात. खेळच आहे तो. पण आम्हाला वाटलं की..."

मी असं काही म्हटलं नसतं. माझी बायको गेली तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आमच्या कबरस्तानात भिंतीत कोनाडे आहेत, एकावर एक रचलेले, सगळे चुन्याने सारखेच रंगवलेले. संतांच्या सणाला मी मेणबत्ती घेऊन जायचो आणि एका कोनाड्यापुढे बसायचो. एका वर्षी निलो जरा उशिरा आला आणि माझ्या मागे उभा राहिला. मग म्हणाला, "तातय, आई वरच्या रांगेत आहे. हा कोणी दोमिनादोर म्हणून गृहस्थ आहे." तो हसला नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने मला चर्चच्या वर्गात नेऊन बसवलं. पन्नाशी उलटली होती माझी. बायकोचं नाव मला वाचता येऊ लागलं आणि थोड्याच काळात कोनाड्याच्या भाड्याची मुदत संपली. हाडं दुसरीकडे हलवली, पाटी काढली, तिथे दुसऱ्या कोणाची लागली. तसंच असतं. निलोच्या कोनाड्याचंही तसंच होणार.

"कोण बसणार मग त्याच्या जागी?" मी विचारलं.

"तोच तर घोळ आहे. आम्ही चौघं आमच्या डावात अडकलेले. बाकी कोणाला खेळ येत नाही."

"मी बसतो."

चोनाने माझ्याकडे नीट पाहिलं. "तातय, तुम्हाला येतो?"

"तो माझ्या शेजारी बसूनच खेळायचा की. मी बघायचो."

हे खरं होतं. कारखान्यातून आला की तो बाकावर माझ्या बाजूला बसे आणि फोन काढे. मी जाळं सांधत असलो तरी नजर तिकडे जाई.

एदनाने निलोचा फोन आणून दिला. पूर्ण चार्ज केलेला होता. "रोज लावून ठेवते," ती म्हणाली. "का ते विचारू नका." फोन उघडायची खूण तिने माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवली.

"तुला चालेल ना, खेळलो तर?"

"खेळा. त्याच्या या खेळावरून मी किती भांडले. आता भांडायचं कोणाशी?" ती परत चुलीकडे गेली.

तीन वाजायला थोडा वेळ होता तेव्हा आमची मानांग, म्हणजे माझी मोठी बहीण, पेलांग आली. ती पलीकडच्या बेटावर असते, होडी मिळायलाच तिला काही दिवस लागले. वयाने वाकली आहे, पण आवाज तसाच. ती आली, निलोचा चेहरा पाहिला, रडली, डोळे पुसले आणि मग काचेवर नाक टेकवून आत बघत राहिली.

"इस्लाव," तिने मला हाक मारली, "याच्या हातातली जपमाळ कापली ना कोणी?"

मी एदनाकडे पाहिलं, एदनाने बेर्तोकडे.

"पेटीवाल्याने कापली असेल ना," एदना म्हणाली.

"असेल ना? असेल ना म्हणजे काय? मला इथून अख्खी दिसते आहे!"

"पेटीवाला म्हणाला होता, ते घरचे लोक करतात," बेर्तो पुटपुटला. "मला वाटलं घरच्यांनी केलं."

"अरे देवा! आणि इतके दिवस तुम्ही इथे पत्ते कुटत बसलात? माळ अखंड राहिली तर मणी मण्याला ओढतो तसं घरातलं माणूस माणसाला ओढतं, एवढंपण कळत नाही? कात्री आणा. काच उघडा. आणि ती पोर आधी बाजूला न्या!"

एदनाचा चेहरा उतरला. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि दाराबाहेर गेली. अंगणातले पत्ते थांबले. दोघांनी मिळून काच उचलली. कात्री मिळाली ती मासळी साफ करायची, मानांगने ती झग्याला पुसली आणि आत हात घातला. माळ निलोच्या बोटांत गुंतलेली होती. तिने दोन मण्यांमधला दोरा पकडला आणि कापला. खट् असा बारीक आवाज झाला. दोन्ही टोकं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर जराशी लांब पडली.

"झालं," मानांग म्हणाली. "आता जो गेला तो एकटा गेला."

काच परत बसवली. मी सगळं पाहत होतो. मला भीतीही वाटली नव्हती आणि हायसंही वाटलं नाही. फक्त त्या दोन टोकांमधली जागा माझ्या नजरेत राहिली.

तीन वाजले. पोरं आपल्या टेबलाशी चिकटली. मी खुर्ची पेटीला लावून बसलो, चष्मा चढवला आणि निलोच्या फोनवर त्याने केली असती तशी खूण केली.

खेळ तसा सोपा आहे. दोन रांगा, एक आपली, एक त्याची. पाळी आली की हातातला एक पत्ता आपल्या रांगेत ठेवायचा. नवा पत्ता आधीच्याला खेटूनच उभा राहतो. प्रत्येकावर त्याच्या बळाचा आकडा असतो. पत्ते संपले की बेरीज होते, ज्याची जास्त तो जिंकतो. मधल्या काळात एकमेकांचे पत्ते पाडायचे; सगळी रांग पडली तर तिथेच हार. कोणत्या पत्त्याने काय होतं ते मला चित्रांवरून माहीत होतं. कुत्रा आपल्या पुढच्याला राखतो. मीठवाली समोरच्याचा एक वार फुकट घालवते. दिवा काहीच करत नाही, उभा राहतो.

आणि होडीवाला. डोक्यावर विणलेली टोपी, पाठीत वाकलेला म्हातारा, हातात वल्हं. निलोने हा एकच पत्ता वर्षानुवर्षं वाढवत आणला होता. कडेने सोनेरी झाला होता. त्याचं बळ बाकी सगळ्यांहून कितीतरी मोठं.

समोर सेबूकडचा कोणी होता, तुको नावाचा. चोनाने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्याच्याकडे विहिरीतली बाई आहे, तातय. आजवर तिच्यापुढे कोणाचंच चाललेलं नाही. ती आली की घाबरू नका, फक्त भराभर मोठे पत्ते लावा."

मी लावत गेलो. मीठवाली, मग कोळी, मग कुत्रा, मग होडीवाला. त्याच्या पुढे दिवा. माझी रांग चांगली भरली. तुकोचीही भरली, पण माझी भारी होती. मी काही फार हुशारी केली नव्हती. निलोच्या हातातले पत्तेच चांगले होते.

मग ती आली. पडदा काळा झाला, पाण्याचा आवाज झाला आणि माझ्या रांगेच्या डाव्या टोकाशी एक विहीर उघडली. आतून ओले केस वर आले, मग एक हात. हाताने मीठवालीचा घोटा धरला. ती पडली. तिच्यावरचा आकडा विहिरीतल्या बाईच्या आकड्यात जाऊन मिळाला.

मी दुसरा दिवा लावला. पुढच्या पाळीला पडलेल्या मीठवालीचा हात विहिरीतून वर आला आणि तिने शेजारच्या कोळ्याला ओढलं. कोळी गेला. बाईचा आकडा आणखी वाढला.

"गेलो!" अंगणातून जेपोय ओरडला. "हरलो मी. आईशप्पथ, तीन पाळ्यांत हरलो!" तो उठून धावत माझ्याकडे आला आणि माझ्या खांद्यावरून वाकला. "तातय, काय चाललंय? अरे बापरे. आली ही भवानी."

"हिला मारता येत नाही का?"

"नाही ना. विहिरीत बसलीय ती. वार पोचतच नाही. मोठे पत्ते लावा."

"मोठे लावले तर तेपण तीच खाणार."

"ते आहेच," जेपोय म्हणाला. "पण छोटे लावले तरी खाणारच. निदान मरताना मोठं मरावं."

"तोतो, पोरा, तू याच मार्गाने तीन पाळ्यांत मेलास ना आत्ता?"

"टोमणे नंतर मारा, तातय, घड्याळ चालू आहे!"

मी पुन्हा एक लहान पत्ता लावला. कोळ्याने कुत्र्याला धरलं. कुत्रा पुढच्याला राखतो, पण त्याला कोण राखणार? तोही गेला. आता विहिरीच्या कडेवर कुत्र्याचा पंजा दिसत होता, आणि पंजाच्या शेजारी होडीवाला उभा होता.

जेपोय खाली बसला. "संपलं. पुढच्या पाळीला होडीवाला जाणार. त्याचं बळ तिच्यात गेलं की मग बाकीचे उरले काय नि न उरले काय. द्या इकडे, मी बघतो काहीतरी."

त्याने हात पुढे केला. मी फोन दिला नाही. का दिला नाही ते मला तेव्हा कळलं नाही. इतक्या दिवसांत काही हवंसं वाटलेलं नव्हतं, आणि ती वस्तू मात्र मला हातात हवी होती.

"हे कुठून कापतात?" मी विचारलं.

"काय कापतात?"

"ही रांग. मण्याने मणी ओढला जातोय. मधून तोडायची असेल तर कुठून तोडतात?"

"तोडत नाहीत, तातय. पत्ते खेटूनच उभे राहतात, खेळच तसा आहे."

"मधला एखादा काढून घ्यायचा असेल तर?"

जेपोय डोकं खाजवत म्हणाला, "काढता नाही येत. सोडता येतो. पत्त्यावर बोट दाबून धरलं की 'सोडून द्या' असं येतं. पण ते कोणी दाबत नाही. शेवटच्या सामन्यात सोडलेला पत्ता परत मिळत नाही. कायमचा गेला. कोण येडा दाबेल?"

"सोडला तर त्याची जागा?"

"रिकामी राहते." तो उठून उभा राहिला. "थांबा. थांबा. तातय, होडीवाला नाही. त्याला नका सोडू. तुम्हाला माहितीये का तो कोण आहे?"

"कोण?"

"निलो त्याला तातयच म्हणायचा. आम्ही सगळे म्हणायचो. 'आज तातयला बाहेर काढतो', 'तातयने वाचवलं', 'अरे तातय पडला, धावा'. त्या टोपीमुळे. तुमच्यासारखी टोपी आहे ना त्याची." त्याचा आवाज चिरकला. "तो त्याने कधी मरू दिला नाही. एकदा अख्खा डाव हरला, पण तो पत्ता शेवटपर्यंत मागे ठेवला. एवढाच राहिलाय त्याच्या फोनमध्ये त्याचा असा. बाकीचे पत्ते काय, कोणाकडेही असतात."

आता चोनाही आली होती. तिचा डाव संपला असावा. जिंकली की हरली ते तिने सांगितलं नाही. तिने पडद्याकडे पाहिलं आणि एका क्षणात तिला सगळं कळलं.

"किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"थोडासाच," जेपोय म्हणाला. "सांग ना यांना काहीतरी."

चोना माझ्याजवळ वाकली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पलीकडे मानांग पेलांग माझी काळजी वाटून उठून उभी राहिली, "इस्लाव, काय झालं रे? काय दाखवताहेत ते तुला?"

"काही नाही, मानांग. खेळ आहे."

मी होडीवाल्याकडे पाहिलं. लहानसं चित्र. टोपी खरंच तशी होती, पण चेहरा माझ्यासारखा नव्हता. माझं नाक चपटं आहे. निलोला तो माझ्यासारखा का वाटला असेल असं मनात आलं आणि लगेच गेलं, कारण घड्याळ चालू होतं. मी बोट ठेवलं. दाबून धरलं. अक्षरं आली. मी वाचली. 'सोडून द्या' होतं, तेच होतं. खाली आणखी एकदा विचारलं, 'नक्की?' मी 'हो' वर बोट ठेवलं.

होडीवाल्याने वल्हं खांद्यावर घेतलं, पाठ फिरवली आणि चित्रातून चालत बाहेर गेला. पडला नाही. नुसता गेला. त्याची जागा रिकामी राहिली.

"अरेरे," जेपोयने तोंड फिरवलं.

तुकोची पाळी झाली. मग विहिरीतून कुत्र्याचा पंजा वर आला, कडेवर चाचपडला, पुढे आला. हाताला काही लागलं नाही. पलीकडे दिवा उभा होता, पण मध्ये एक घर मोकळं होतं. पंजा मागे गेला.

आणि बाईचा आकडा उतरला.

"अरे!" जेपोय पुन्हा वळला. "ही उतरतेय! चोने, बघ! ही उतरते?"

"काही मिळालं नाही की उतरत असेल," चोना म्हणाली. "आजवर उपाशी राहिलीच नव्हती ना. कोणाला कळणार?"

"तातय, लावा. काहीही लावा. दिवा असेल तर दिवा लावा."

माझ्या हातात लहानसहान पत्ते उरले होते. निलो ते का ठेवतो ते मला कधी कळलं नव्हतं. मी ते एकेक करून लावत गेलो, उजवीकडे, विहिरीपासून लांब. तुकोने दोन पाडले. त्याच्या बाकीच्या पत्त्यांत दम नव्हता, सगळी भिस्त तिच्यावरच होती. दर पाळीला हात वर यायचा, चाचपडायचा आणि रिकामा खाली जायचा. दर पाळीला आकडा उतरायचा. जेपोय प्रत्येक वेळी माझ्या पाठीत थाप मारत होता. त्याला ते कळत नव्हतं, आणि मला ती थाप लागत नव्हती.

"हळू रे, म्हातारं माणूस आहे," चोना त्याला म्हणाली.

"म्हातारं? अगं, राक्षस आहे हा! इतकी वर्षं कुठे लपवलं होतं निलोने याला?"

पत्ते संपले. बेरीज व्हायला लागली. तुकोचा आकडा वर वर जाऊन एका जागी थांबला. आमचा त्याच्याही वर गेला, जरासाच, आणि थांबला. पडद्यावर रंगीत कागद उडाले. जेपोय अंगणात नाचत गेला आणि बेर्तोला मिठी मारली. बेर्तोने त्याला ढकललं आणि काय झालं ते न विचारता त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला. बाकीची पोरं आली, गर्दी झाली, मानांगने त्यांना दटावलं, "मयताचं घर आहे, नाचायचं घर नाही!" आणि मग हळूच मला विचारलं, "जिंकलास का?"

"हो."

"काय मिळालं?"

चोनाने फलक काढून दाखवला. मी बोट ठेवत खाली आलो. निलो दालिपे. होतं. मानांगला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. तिने ते थोडा वेळ तिथेच ठेवलं आणि मग झग्याच्या टोकाने फोनची काच पुसली.

एदना दारात येऊन उभी होती. पोरगी तिच्या कडेवर झोपली होती.

"राहिलं?" तिने विचारलं.

"राहिलं."

तिने मान हलवली आणि आत पान्सितच्या शेवया ढवळायला गेली. लोक जेवायचे होते.

मला वाटलं होतं की नाव राहिलं तर काहीतरी होईल. छातीत काहीतरी सुटेल, रडू येईल. तसं झालं नाही. मी तसाच होतो. फोन माझ्या हातात होता आणि गरम झाला होता, तेवढं मात्र तळहाताला कळलं. बर्फातून हात काढला की आधी एका बोटाला कळतं, बाकीची नंतर येतात. कधी कधी बराच वेळ येत नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. बारीकसा आवाज. पडद्याच्या तळाशी अक्षरं आली होती.

"तुकोने लिहिलंय," चोना म्हणाली. तिने वाचून दाखवलं. "'निलो, अरे हे काय केलंस? होडीवाला सोडलास?' त्याला माहीत नाही, तातय. काय लिहू?"

"दे. मी लिहितो."

ती माझ्या शेजारी बसली. मी एकेक अक्षर शोधत होतो. ती सुचवायला गेली नाही. मी लिहिलं, मी त्याचा तातय आहे. मी खेळलो.

मग उत्तर आलं. "तुम्ही? कमाल केलीत. मी इतकी वर्षं या बाईला घेऊन खेळतो, तिला उपाशी ठेवलेलं कोणी बघितलं नाही. तो कुठे आहे?"

चोनाने माझा दंड धरला. अंगणात कोणीतरी पत्ता आपटला. मी पेटीकडे पाहिलं. माझी खुर्ची तिला लागूनच होती, कोपर लाकडाला टेकलेलं होतं.

मी लिहिलं, इथेच. शेजारी आहे.

"त्याला सांगा," तुकोने लिहिलं, "पुढच्या हंगामात बघून घेतो म्हणावं."

सांगतो, असं मी लिहिलं. फोन चोनाकडे दिला आणि उठलो. गुडघे आखडले होते, उभं राहायला वेळ लागला. काचेपाशी जाऊन वाकलो आणि सेबूचा तुको पुढच्या हंगामात तुला बघून घेणार आहे, असं निलोला सांगितलं.

"काय म्हणालात, तातय?" एदनाने आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "त्याच्यासाठी एक निरोप होता."